हात वर आणि चिठ्ठी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘मतदान गुप्त का असते?’ हा नागरिकशास्त्रातला दोन गुणांचा प्रश्न आठवतोय? आपण उत्तर घोकलं, लिहिलं आणि विसरलो. मी इंजिनिअर झाले, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. तो विषय सुटला असंच समजत होते.

आमच्या सोसायटीतली नववीची आठ मुलं रविवारी माझ्याकडे गणिताला येतात. एकदा त्यातली एक म्हणाली, “काकू, मत लपवायचं कशाला? खरं बोलायला काय घाबरायचं?”

मी विचारलं, “सहलीला कुठे जायचं? सिंहगड की वॉटर पार्क?” आठही हात वॉटर पार्कला. मग चिठ्ठ्या वाटल्या, नाव घालायचं नाही. तीन चिठ्ठ्या सिंहगडच्या निघाल्या! मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

मग त्यांना सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग सांगितला. अमेरिकेतला, १९५१ च्या सुमाराचा. काम सोपं होतं : समोरच्या रेषेएवढी रेषा तिघींतून ओळखायची. पण गटातला एकच जण खरा, बाकीचे पढवलेले. ते ठरवून चुकीचं उत्तर देत. अशा फेऱ्यांमध्ये त्या एकट्याची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटासारखीच चुकली. उत्तर गुपचूप कागदावर लिहू दिलं, किंवा खरं बोलणारा एक जरी सोबती मिळाला, की चुका खूपच कमी होत. आपला लोकप्रतिनिधित्व कायदाही १९५१ चाच, आणि त्यात मताची गुप्तता राखणं बंधनकारक आहे. मुलांना पुन्हा काही समजवावं लागलं नाही.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आपली आठवी आठवली. सहलीच्या वर्गणीचे पैसे हरवले होते. बाई यायच्या आधी आपणच न्यायनिवाडा केला. “हिनेच घेतले असं कोणाला वाटतं?” सगळे हात वर. मधल्या सुट्टीभर ती माझ्याबरोबर नळावर होती, हे मला माहीत होतं. तरी माझाही हात वर गेला. दोन दिवसांनी पैसे एका वहीत सापडले. तिची माफी कोणीच मागितली नाही.

गेल्या महिन्यात मी तिला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, “बाकीचे हात मला आठवत नाहीत गं. तुझा आठवतो.” हे इथे सांगायला तिची परवानगी घेतली आहे.

तेव्हा आपल्याला हे कोणी असं करून दाखवलं असतं, तर मी हात खाली ठेवला असता का? खात्री नाही. पण निदान आपण काय करतोय ते कळलं असतं. म्हणून एक विनंती. शाळेला बाकं, पंखे देऊच. पण वर्षातून एखादा तास इथल्या मुलांनाही देऊ या. चिठ्ठ्यांना खर्च येत नाही.