राजाभाऊंचा 'ऊन पाऊस' आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जयनगर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही चित्रपटाचे समीक्षक नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत गावोगाव बदल्या भोगलेले एक साधे प्रेक्षक आहोत. तेव्हा आजचे आमचे बोलणे पांडित्याचे नसून अनुभवाचे आहे, एवढे प्रारंभीच सांगितलेले बरे.

राजा परांजपे (१९१०–१९७९) यांचे नाव निघताच आपल्याला आठवतात ते 'लाखाची गोष्ट' (१९५२) आणि 'जगाच्या पाठीवर' (१९६०). ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत यांनी हे चित्रपट घरोघर पोहोचविले. 'पाठलाग' (१९६४) याचे स्मरण होते ते पुष्कळदा 'मेरा साया' (१९६६) या त्याच्या हिंदी अवतारामुळे. परंतु पु. ल. देशपांडे यांना नायक म्हणून पडद्यावर आणणारा 'पुढचं पाऊल' (१९५०), किंवा 'ऊन पाऊस' (१९५४) हे चित्रपट आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहेत? गाणी आपण आकाशवाणीवर मनमुराद ऐकली. चित्रपट मात्र पाहावयाचे राहून गेले.

यात दोष केवळ आपला नाही. परप्रांतात जुना मराठी चित्रपट चित्रगृहात लागणार कधी? लागलाच तर रविवारी सकाळी एक खेळ, आणि नेमके त्याच दिवशी घरी पाहुणे. पुढे टेप आल्या, मग तबकड्या आल्या, आणि चित्रगृहाने जे नाकारले ते दिवाणखान्यात आले. घरी पाहताना चित्रपट थांबविता येतो, मागे नेता येतो, दुसऱ्यांदा पाहता येतो. राजाभाऊंचे शांत चित्रपट दुसऱ्यांदा पाहिल्यावरच उलगडतात, असा आमचा अनुभव आहे.

'ऊन पाऊस'चे कथानक थोडक्यात सांगतो. आयुष्यभर इतरांची मुले शहाणी केलेले एक शाळामास्तर निवृत्त होतात. म्हातारपणी आधाराची वेळ येते तेव्हा स्वतःची मुले आईवडिलांची वाटणी करतात. एक इकडे, एक तिकडे. राजाभाऊंच्या विनोदावर प्रेम करणाऱ्यांना हा चित्रपट काहीसा जड वाटतो, आणि बहुधा म्हणूनच तो मागे पडला. त्यात भावविवशता आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दारिद्र्यापेक्षा ताटातूट अधिक बोचते, ही गोष्ट तो ज्या सरळपणाने सांगतो, तो सरळपणा आम्हांला फार मोलाचा वाटतो.

२००६ साली आम्ही या चित्रपटाच्या दोन तबकड्या पुण्याहून आणल्या. तीर्थरूप नाना त्या वेळी जयनगरला आमच्याकडे होते. आई मात्र पुण्यास आमच्या थोरल्या बंधूंकडे, नातवंडे सांभाळावयास. ही व्यवस्था आम्हां दोघां भावांनी मोठ्या समंजसपणे केली होती, आणि तिचा आम्हांला थोडा अभिमानही होता. त्या संध्याकाळी शेजारचे एक वृद्ध कन्नड गृहस्थ सहज आले आणि बसले. त्यांना मराठी समजत नव्हते. अर्ध्या तासाने ते एकदम म्हणाले, "इदु नम्म स्कूल मास्टर!" म्हणजे, हा तर आमचा 'स्कूल मास्टर'! बी. आर. पंथुलू यांनी १९५८ साली कन्नडमध्ये काढलेला आणि स्वतः मास्तरांची भूमिका केलेला तो चित्रपट. कथासूत्र हेच. पुढचा प्रसंग ते आम्हांला आधीच सांगू लागले.

पहिली तबकडी संपली. दुसरी घालण्यासाठी आम्ही उठलो. खोलीत शांतता होती. नानांनी हलकेच विचारले, "पुण्याची गाडी किती वाजता असते रे?"

आम्ही उत्तर दिले नाही. दुसरी तबकडी लावली. शेवटपर्यंत आमचे लक्ष पडद्याकडे नव्हते. त्याच आठवड्यात उद्यान एक्सप्रेसने आम्ही नानांना पुण्यास पोहोचविले. त्यानंतर ती दोघे कधी येथे राहिली, कधी पुण्यास; परंतु जेथे राहिली तेथे एकत्र राहिली. बंधूंशी या विषयावर आमचे दोन शब्दही झाले नाहीत. त्यांनी तबकड्या ठेवून घेतल्या आणि पाहिल्या, एवढेच.

याच विषयावर अमेरिकेत लिओ मॅककॅरी यांनी १९३७ साली चित्रपट काढला. हिंदीत 'बागबान' २००३ साली आला. म्हणजे हे दुःख कोणत्याही एका भाषेचे नाही. परंतु ते आपल्या बोलीत, आपल्या ओळखीच्या माजघरात घडताना पाहिले की सुटका नसते. दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांत तर आईवडिलांची अशी 'सोय' नित्य होत असते.

म्हणून आमची एक विनंती आहे. तबकड्या आता गंजू लागल्या आहेत, त्या लावण्याची यंत्रे अडगळीत गेली आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या टाकून न देता मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात. एखादे चालू यंत्र आम्ही देतो. महिन्यातून एकदा एक विस्मृत चित्रपट पाहू, आणि तोही घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून. मध्यंतरात ते काय विचारतात, तिकडे मात्र लक्ष असू द्यावे.