ताळेबंदाबाहेरचें देणें

कारखान्याच्या हिशेबांत यंत्रांची झीज दरसाल लिहिली जाते. नदीची झीज मात्र कोणत्याच खात्यांत सांपडत नाहीं. या उणिवेचा अभ्यास आतां पदव्युत्तर वर्गांत होतो. १९९१ सालीं रॉब ग्रे यांनीं स्कॉटलंडांत डंडी येथें सामाजिक व पर्यावरणीय हिशेबाचें संशोधन-केंद्र काढलें. ग्रे स्वतः सनदी हिशेबनीस. म्हणजे टीका घरांतूनच झाली!

आपल्याकडे 'सेबी'नें २०२२-२३ पासून बाजारमूल्यानें पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांस असा अहवाल सक्तीचा केला. पाणी किती उपसलें, कचरा किती झाला, कामगारांस किती अपघात झाले, हें त्यांत सांगावें लागतें.

पण सांगणें निराळें आणि जाब देणें निराळें. भागधारक सभेंत मत देऊन संचालक बदलूं शकतो. नदीकांठच्या कोळ्याच्या हातीं तोच अहवाल पडला, तरी त्याला मत कोठें आहे? माझ्या मतें अभ्यासाचा गाभा हाच.

शिवाय आंकडे फसवे असतात. एका नगामागें पाणी कमी लागलें, असें कंपनी अभिमानानें सांगते. नग दुप्पट निघाले असतील, तर एकंदर उपसा वाढलेलाहि असेल. विद्यार्थ्यानें दोन्ही आंकडे शेजारीं मांडावे, आणि पुरवठादाराची भट्टी हिशेबाच्या हद्दींत धरली आहे कीं बाहेर ठेवली आहे, हें आधीं पाहावें.