लहरी कुणाच्या मालकीच्या?

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी काही जण लवकरच माइकसमोर बसाल. तिथे काय बोलायचं नाही, ते आधी ठाऊक असू द्या.

मी लखनौच्या अलीगंजमध्ये राहणारा मराठी माणूस. ज्येष्ठातल्या मंगळवारी आमच्याकडे ‘बडा मंगल’ असतो. हनुमान मंदिरात रीघ, रस्तोरस्ती भंडारे, वाहतुकीचा बोजवारा. खासगी एफएमचा आरजे खुशाल सांगू शकतो, ‘कपूरथला चौकाकडे फिरकू नका.’ कारण वाहतूक, हवामान, सणउत्सव, परीक्षांचे निकाल यांना २०११च्या एफएम धोरणानं बातमी मानलेलंच नाही. उद्या नळाला पाणी नाही, हेही त्याला सांगता येतं, पण स्थानिक प्रशासनानं कळवलं असेल तरच. पाणी का नाही, याचा छडा लावून त्यानं स्वतः सांगितलं, की ती झाली बातमी! बातम्या द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, त्याही काना-मात्रेचा फरक न करता.

टीव्हीवर मात्र खासगी वाहिन्यांच्या बातम्यांचा चोवीस तास रतीब चालू. रेडिओनंच तेवढी मिठाची गुळणी का धरायची?

मूळ १८८५च्या टेलिग्राफ कायद्यात आहे. रेडिओचा जन्मही व्हायचा होता, तेव्हाचा हा कायदा. तारायंत्रावर फक्त सरकारचा हक्क, असं सांगणारा. पुढे रेडिओही त्यातच धरला गेला. १९९३च्या हीरो कप क्रिकेटचं थेट प्रक्षेपण परदेशी कंपनीकडे दिल्यावर याच कायद्यावरून वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५मध्ये न्यायालयानं निकाल दिला: प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. खंडपीठातले एक न्यायमूर्ती होते आपले पी. बी. सावंत. लहरी मर्यादित, म्हणून नियमन हवंच. पण ते सरकारनं नव्हे, स्वायत्त सार्वजनिक संस्थेनं करावं, असंही न्यायालयानं बजावलं.

परदेशातही मोकळं रान नाही. ब्रिटनमध्ये प्रसारण नियामक ऑफकॉम बातम्यांत निःपक्षपात मागतं. अमेरिकेत १९३४च्या कायद्यानुसार प्रसारण केंद्रानं निवडणुकीतल्या एका उमेदवाराला वेळ दिला, तर प्रतिस्पर्ध्यालाही तशीच संधी द्यावी लागते. वृत्तकार्यक्रमांना त्यातून सूट आहे. तिथले कायदे अटी घालतात, पण बातमी देऊ देतात. आपले नियम खासगी रेडिओला स्वतःची बातमी देऊच देत नाहीत. खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस आपल्या दूरसंचार नियामकानं, ट्रायनंच, २०२३मध्ये केली.

म्हणून एक सांगतो. परवान्याच्या अटी वकिलावर सोपवू नका, स्वतः वाचा. ‘हे नियमात बसत नाही’ असं कुणी म्हणालं, तर कलम दाखवायला सांगा. कित्येकदा नियम आड येत नाही, आडवी येते ती भीती. आणि कलम खरोखरच आड आलं, तर ते पाळा आणि बदलण्यासाठी उघडपणे भांडा. ज्यांच्या लहरींवर तुमची रोजीरोटी चालणार आहे, त्यांना नळ का कोरडा, हे कळायलाच हवं.