आधी कारण शोधा

ऐन दिवाळीच्या हंगामात मालवणला माझ्या दादाची पर्यटक बोट बंद पडली. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, जळला होता. दादाने कर्ज काढून नवा आणला आणि लगेच बसवायला घेतला. तेवढ्यात मला आपल्या विज्ञानाच्या सरांचं वाक्य आठवलं, "फ्यूज उडाला? आधी कारण शोधा, मग तार बदला."

बॅटरीची वायर सोडवून मी इंजेक्टरना मल्टिमीटर लावला. तिघांचा रोध १२ ओहम, चौथ्याचा जेमतेम १! त्या शॉर्टमुळेच ईसीयू गेला होता. नवाही गेला असता. आधी इंजेक्टर बदलला, मग ईसीयू बसवला. संध्याकाळी बोट पाण्यात उतरली.

सर, दादाचे पैसे तुमच्या नववीच्या तासाने वाचवले.