हय्य इब्न यक्झान : बेटावरचा विद्यार्थी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



मुलगा-मुलगी कॉलेजात गेली की त्यांचा दीन सुटेल, अशी धास्ती आपल्या पुष्कळ घरांतून आहे. उलट चार पुस्तके वाचलेला आपला एखादा तरुण वडीलधाऱ्यांच्या नमाज-रोज्याला हसू लागतो, हेही आपण पाहतो. ह्या दोन्ही दुखण्यांवर आठशेहून अधिक वर्षांपूर्वी अरबी भाषेत एक कल्पित कथा लिहिली गेली. तिची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

कथेचे नाव ‘हय्य इब्न यक्झान’, म्हणजे ‘जिवंत, जागृताचा पुत्र’. लेखक इब्न तुफैल हा अंदलूसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधील ग्रनाडाजवळच्या वादी-आशचा. खलिफा अबू याकूब यूसुफ याचा तो राजवैद्य होता. थोर तत्त्वज्ञ इब्न रुश्द यास त्या दरबारात त्यानेच पुढे आणले. इ. स. ११८५ मध्ये माराकेश येथे तो वारला.

विषुववृत्ताखालील हिंदुस्थानच्या बेटांपैकी एका निर्जन बेटावर, अशी लेखकाची कल्पना आहे, एक तान्हे मूल एका हरिणीच्या दुधावर वाढते. त्याला ना भाषा, ना मदरसा, ना उस्ताद. ते सात वर्षांचे होते न होते तोच हरिणी मरते. काय बिघडले हे शोधण्यासाठी मुलगा धारदार दगडाने तिची छाती उघडतो. हृदयाच्या एका कप्प्यात गोठलेले रक्त, दुसरा रिकामा. जी माया करीत होती ती ह्या देहातून निघून गेली, असे तो ताडतो. एक कावळा दुसऱ्या मेलेल्या कावळ्याला पुरताना पाहून तोही आपल्या आईला मूठमाती देतो. पुढे विस्तव, वनस्पती, प्राण्यांची शरीरे, तारे, सारे निरखीत निरखीत वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत तो अशा निष्कर्षाला येतो की, ह्या साऱ्याचा कोणी एक कर्ता असलाच पाहिजे.

तो सुमारे ५० वर्षांचा असता शेजारच्या बेटावरून अबसाल नावाचा धार्मिक पुरुष एकांतासाठी तेथे येतो आणि त्यास बोलावयास शिकवितो. त्याच्याकडून धर्माची शिकवण ऐकल्यावर हय्यला ती आपल्या अनुभवाशी जुळणारी वाटते. नमाज, रोजा, जकात, हज यांचा तो स्वीकार करतो. मात्र बाहेरच्या माणसाला पडावेत तसे दोन प्रश्न त्याला पडतात. सत्य सरळ न सांगता दृष्टांतांतून का सांगितले? आणि माणसाला धन साठवू दिले तरी का? गरजेपुरतेच घेतले तर जकातीचे हिशेब आणि चोरीच्या शिक्षा हव्यात कशाला?

पालकहो, लेखकाने हे प्रश्न दडपले नाहीत, हे ध्यानात घ्या. हय्य प्रश्न विचारीतच ईश्वरापर्यंत पोहोचलेला आहे. तेव्हा आपल्या मुलाने घरात असा प्रश्न केला तर “गप्प बस” म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर शोधा. दबलेला प्रश्न घराबाहेर जातो आणि मग तेथे मिळेल ते उत्तर घेऊन परततो.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी. हय्य मोठ्या उमेदीने अबसालच्या बेटावर जातो. तेथला प्रमुख सलामान. लोक प्रथम आदराने ऐकतात; पण हय्य शब्दांच्या पलीकडचे बोलू लागताच त्यांची मने विटतात. अखेर हय्यला उमगते की सर्वांची झेप सारखी नसते, आणि धर्माचे साधे नियमच ह्या लोकांना सांभाळून धरीत आहेत. तो सलामानची क्षमा मागतो, ‘आपल्या वाटेने चला’ असे लोकांना सांगतो आणि अबसालसह परततो. एवढा ज्ञानी पुरुष ज्यांना शिकवावयास गेला त्यांचीच क्षमा मागतो! पदवी हाती येताच अम्मी-अब्बांना अडाणी ठरविणाऱ्याने हे प्रकरण अवश्य वाचावे.

तथापि हय्यचे परत जाणे मला पुरते पटत नाही. तेराव्या शतकात कैरो येथील हकीम इब्न अल-नफीस यानेही ह्या कथेला जणू उत्तर म्हणून दुसरी कथा लिहिली. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून डाव्या बाजूस जाते, हे सांगणारा तोच हा वैद्य. त्याचा नायक कामिल हाही बेटावर एकटाच वाढतो. पण गलबतातून आलेली माणसे भेटल्यावर, माणसाला समाज आणि कायदा दोन्ही हवेत, हे त्याला कळते. एका मुसलमान हकिमाच्या पुस्तकाला दुसऱ्याने पुस्तकानेच उत्तर दिले, फतव्याने नव्हे. ही आपली परंपरा आहे.

इब्न तुफैलची कथा १६७१ मध्ये ऑक्सफर्ड येथे लॅटिन भाषांतरासह छापली गेली, १७०८ मध्ये ती थेट अरबीतून इंग्रजीत आली. ‘रॉबिन्सन क्रूसो’ निघाले ते त्यानंतर, १७१९ मध्ये. आपल्या मुलांना क्रूसो ठाऊक असतो. हय्य मात्र ठाऊक नसतो. संस्थेच्या ग्रंथालयात ह्या कथेची एक प्रत असावी, आणि ती आई-वडील व मुले यांनी मिळून वाचावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.