टेम्पोचा पिवळा दिवा

आमच्या कुळगावच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून सीएनजीचा छोटा टेम्पो घेतलाय. पहाटे मुरबाडकडची भाजी कल्याणच्या बाजारात पोचवतात. कुणीतरी त्यांच्या मुलाला सांगितलं, 'सायलेन्सरमधली जाळी काढ, पिकअप वाढेल.' जाळी निघाली, आवाज वाढला आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो लागलाच. सेन्सर बदलून झाला, बॅटरीची वायर काढून झाली. दिवा दोन दिवस जायचा, परत यायचा. एका हप्त्याचे पैसे त्यातच गेले.

दिवा खोटं बोलत नव्हता. त्या जाळीच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. जाळी धूर साफ करतेय का, हे दुसरा बघतो. जाळीच नाही, मग तो तक्रार करणारच! शेवटी स्कॅनर लावला, पी ०४२० कोड आला. त्याचा अर्थ, जाळीचं काम होत नाही. म्हणून आधी स्कॅनर लावायला सांगा, कोड वहीत लिहा, मगच पार्ट बदला. दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजला न्या. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करा.

आणि काढलेली जाळी? तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, भंगारात चांगला भाव येतो. ती काढणाऱ्याकडेच राहिली. वर, प्रदूषणाचे नियम मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, २०१९ च्या कायद्यातल्या बदलापासून.

नव्या जाळीसाठी ताईंनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलंय. शनिवारच्या बैठकीत विषय आहे.