परमुलखात मोटार बाळगताना



ज्या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीपासून अर्थकारणापर्यंतची व्याख्याने ऐकलीत, तेथे मोटार हाकण्याविषयी आणि ती नीट राखण्याविषयी बोलावयाचे म्हणजे धाडसच. पण ज्या आळीतले एखादे तरी पोर परदेशी नोकरीला नाही, अशी आळी हल्ली आपल्या गावातही सापडणे कठीण. त्या पोराकडे चार महिने राहून आलेले आईवडील परतल्यावर तिथल्या राजवाड्यांविषयी दोन वाक्ये बोलतात आणि रस्त्यांविषयी दोन दिवस! तेव्हा विषय अगदीच परका नव्हे. आम्ही काही वर्षे जर्मनीच्या दक्षिण भागात, श्टुटगार्टच्या परिसरात, नोकरीनिमित्त राहिलो. येथे ‘आम्ही’ म्हणतो ते थोरवी मिरविण्यासाठी म्हणत नाही. मोटार एक आणि ती हाकणारे आम्ही उभयता, एवढाच त्याचा अर्थ.

आरंभ परवान्यापासून करू. येथून गेलेल्या माणसाला आपल्याकडील परवान्यावर, सोबत त्याचे भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना ठेवून, जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने मोटार चालविता येते. सातव्या महिन्यात तोच कागद निरुपयोगी ठरतो. काही देशांचे परवाने जर्मन सरकार परीक्षेवाचून बदलून देते. त्या यादीत भारत नाही. मग डोळ्यांची तपासणी आली, प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग आला, नियमांची प्रश्नोत्तरे आली आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा आली. ज्याच्याजवळ जुना परवाना आहे त्याला शिकवणीची सक्ती नाही. पण परीक्षा शिकवणीवाल्यांच्याच गाडीतून द्यावी लागते. शिक्षक शेजारी बसतो, परीक्षक मागे. शिक्षकाने एकदा जरी आपल्या पायाने ब्रेक दाबला, तरी परीक्षा तेथेच आटोपते.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ होते. खंबाटकी आणि वरंधा हे घाट वीस वर्षे पावसाळ्यातसुद्धा ओलांडलेले; हात असा सफाईदार की शेजारी बसलेल्याने पेल्यातला चहा सांडू नये. ते पहिल्या परीक्षेत नापास झाले. कारण ऐकून आपणांस हसू येईल. ते हमरस्त्याने चालले होते, बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई मोटार घेऊन थांबल्या होत्या, आणि आमच्या या गृहस्थांनी दाक्षिण्याने गाडी थांबवून ‘या, या’ म्हणून हात केला. परीक्षकाने उतरताना त्यांना सांगितले, “आपण सभ्य गृहस्थ आहात, पण आपल्या मागून येणाऱ्याने काय समजावयाचे?”

या एका प्रश्नात तिथल्या सगळ्या वाहतुकीचे मर्म आहे, असे आम्हांला वाटते. तेथे ‘फोरफार्ट’ म्हणून एक शब्द आहे. त्याचा अर्थ, आधी जाण्याचा हक्क. हा हक्क कोणाचा, हे प्रत्येक चौकात आधीच ठरलेले असते. हमरस्ता असेल तर पिवळ्या चौकटीची पाटी असते. पाटी नाही, दिवा नाही, पोलीस नाही, अशा लहान रस्त्यांच्या चौकात नियम एकच: ‘रेख्ट्स फोर लिंक्स’, म्हणजे डावीकडच्याच्या आधी उजवीकडचा. उजवीकडून येणारा मग जुनाट खटारा घेऊन येवो की राजेशाही मोटार घेऊन येवो, आपण थांबावयाचे. आणि तो आपल्याकडे न पाहता निघून जातो. प्रथम प्रथम या न पाहण्याचा आम्हांला राग येई. किती हा ताठा, असे वाटे. पुढे उलगडा झाला की त्याने पाहिले नाही याचे कारण आपण थांबणारच हे त्याने गृहीत धरले होते. एका अनोळखी माणसाने आपला जीव आपल्या उजव्या पायाच्या भरवशावर सोडला होता!

आपल्याकडे आपण डोळ्यांनी आणि कानांनी गाडी चालवितो. समोरच्याच्या चाकाचा कल पाहावा, नजर पाहावी, हॉर्नच्या सुरावरून मागच्याचा स्वभाव ओळखावा आणि फट दिसली की घुसावे. हे कसब थोडे नव्हे. युरोपातल्या उत्तम चालकाला आपल्या मंडईच्या चौकात संध्याकाळी सहा वाजता उभे करावे, म्हणजे त्याची किंमत कळेल. ट्रकांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंदी केली खरी. पण पाठीवरची अक्षरे पुसली गेली म्हणून कानांची सवय जात नाही. जर्मनीत गावाबाहेर ओलांडून जाताना इशारा द्यावयाचा असेल किंवा धोका असेल, तेवढ्यापुरताच हॉर्न वाजविता येतो. आम्ही महिनेच्या महिने त्याला हात लावला नाही.

कोणी म्हणेल, हे त्यांचे नियम त्यांना लखलाभ. पण गंमत पाहा. आपल्याकडे १९८९ साली रस्त्यावरील वर्तनाचे जे नियम झाले, त्यांतही हे स्पष्ट लिहिले होते की हमरस्त्याला मिळताना त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यावे, आणि एरवी चौकात उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी. म्हणजे नियम घरचाच. त्याची ओळख मात्र आम्हांला परमुलखात झाली. या सभागृहात परवाना बाळगणारे पुष्कळ जण असतील. त्यांतल्या किती जणांना हा नियम कोणी शिकविला, हे विचारण्याचा मोह आम्ही आवरतो.

यावर ठरलेले उत्तर येते की जर्मन माणूस जातीचाच शिस्तीचा. हे उत्तर खोटे आहे, आणि खोटे आहे याबद्दल आपण आनंद मानावयास हवा. १९७० साली दोन्ही जर्मनी मिळून रस्त्यांवर २१,३३२ माणसे मेली. त्या वेळी आजच्यापेक्षा मोटारी कितीतरी कमी होत्या. पश्चिम जर्मनीने १९७२ साली गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा घातली. १९७३ साली चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा खाली आणली. १९७६ साली पुढच्या आसनांवर पट्ट्याची सक्ती केली. सक्ती झाली तरी पुष्कळांनी पट्टा बांधला नाही, कारण दंड नव्हता! शिस्तीच्या जातीने दंडाची वाट पाहिली. १९८४ साली दंड आला आणि पट्टे बांधले गेले. रस्ते सुधारले, मोटारी सुधारल्या, जखमींना लवकर मदत मिळू लागली. २०२२ साली त्या देशात रस्त्यावर मेलेल्यांची संख्या २,७८८ होती. त्याच वर्षी आपल्या देशात ती १,६८,४९१ होती. आपली लोकसंख्या त्यांच्या सुमारे सतरा पट आहे. रस्त्यावरचे मृत्यू साठ पट. या आकड्यांपुढे आमचे वक्तृत्व चालत नाही, म्हणून पुढे जातो.

आता मोटार राखण्याविषयी. येथे खासगी मोटार घेतली, नोंदणी झाली, की पंधरा वर्षे तिची प्रकृती हा मालकाचा खासगी प्रश्न असतो; धुराचे प्रमाणपत्र तेवढे घ्यावयाचे. तिकडे नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी मुख्य तपासणीला न्यावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, सुकाणू, सायलेन्सर, खालच्या पत्र्याचा गंज, काहीच सुटत नाही. उत्तीर्ण झाली की मागच्या नंबरपट्टीवर रुपयाएवढी गोल चकती चिकटवितात. चकतीचा रंग वर्ष सांगतो आणि वर आलेला आकडा महिना सांगतो. रस्त्यावरचा पोलीस दुरूनच ओळखतो की हिची मुदत टळली आहे. बोलीत या तपासणीला सगळे ‘ट्यूफ’ म्हणतात. ते अशा तपासणी करणाऱ्या संस्थांचे नाव. आज इतरही संस्था हे काम करतात, पण नाव चिकटले ते चिकटले.

या नावाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८६५ साली मानहाइम शहरात एका बिअरच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. वाफेवर कारखाने चालविणाऱ्यांच्या ध्यानात आले की आपण स्वतःहून देखरेख केली नाही तर सरकार करील. म्हणून त्यांनी १८६६ साली बॉयलर तपासणारी एक मंडळी स्थापन केली. ट्यूफचे मूळ त्यात आहे. म्हणजे जी चकती पाहून आमच्या छातीत धडधडे, तिचा उगम मोटारीच्या जन्माच्या वीस वर्षे आधीचा!

आणि मोटारीचा संसारही त्याच मानहाइममध्ये सुरू झाला. कार्ल बेंझने मोटार केली, पण ती लांबच्या पल्ल्याला चालते हे लोकांना दाखविले त्याच्या पत्नीने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे १०५ किलोमीटर, मोटार घेऊन गेली. वाटेत इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचा द्रव विकत घेऊन तिने टाकीत ओतला. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजला तेव्हा चांभाराकडून त्याला कातडे ठोकून घेतले. आमच्या मते मोटार चालविणे आणि राखणे या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, हे या बाईंइतके कोणी दाखविले नाही. परदेशी राहणाऱ्याने तिचे स्मरण ठेवावे. कारण तेथे आपला नेहमीचा फिटर नसतो.

हा फिटर नसणे फार जाणवते. इथे गाडी कुरकुरली की आपण नाक्यावरच्या गॅरेजात नेतो. उस्ताद बॉनेट उघडतो, कान देतो, पोऱ्याला ‘बारा-तेराचा पाना आण’ म्हणतो आणि अर्ध्या तासात गाडी गुणगुणू लागते. तिकडे आधी वेळ ठरवावी लागते, ती कधी पंधरा दिवसांनी मिळते. कारागिराचा तासाचा दर ऐकून घाम फुटतो. आणि सुटा भाग दुरुस्त करण्यापेक्षा सबंध जोड बदलण्याकडे कल असतो. या बाबतीत आपला उस्ताद श्रेष्ठ, हे आम्ही तेथेही छातीठोकपणे सांगत असू. मात्र उस्तादाने केलेल्या दुरुस्तीला चकती मिळाली असती का, हा प्रश्न आमच्या एका जर्मन शेजाऱ्याने विचारला होता, हेही सांगणे भाग आहे.

मध्यम वाट म्हणून तेथे भाड्याची कार्यशाळा मिळते. तासावर उचलयंत्र आणि पाने घ्यावयाचे, हात काळे आपण करावयाचे. इंजिनातले जुने तेल गटारात ओतणे हा गुन्हा. ते नवे तेल विकत घेतले त्याच दुकानात नेऊन द्यावयाचे, तेवढे जुने तेल परत घेणे दुकानदाराला बंधनकारक असते. रविवारी सकाळी दारात बादली घेऊन मोटार धुण्याचे सुखही पुष्कळ गावांत नाही, कारण तेलकट पाणी जमिनीत मुरते.

हिवाळ्याची तयारी वेगळी. बर्फ असेल, रस्ता गोठला असेल, तर हिवाळी टायर हवेतच. आणि ‘ओ ते ओ’ म्हणजे ऑक्टोबरपासून ओस्टर्न, म्हणजे ईस्टर, सणापर्यंत ते ठेवावेत असा लोकांचा ठोकताळा आहे. टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोल लागते, पण शहाणे लोक त्याच्या पुष्कळ आधी टायर बदलतात. एक युरोच्या नाण्याची सोनेरी कड तीन मिलिमीटर रुंद असते. ते नाणे नक्षीत उभे धरावे. सोनेरी कड दिसू लागली की टायरवाल्याकडे जाण्याची वेळ झाली. पहाटे काचेवर गोठलेला थर सगळाच खरवडावा लागतो. डोळ्यांपुरते भोक पाडून निघालेल्यास दंड होतो. स्टेपनीचेही सांगून टाकतो. हा आपला लाडका शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला आहे, तेथे १९०४ साली जादा चाकाचा धंदा निघाला. पुष्कळ नव्या मोटारींत ती स्टेपनीच नसते. पंक्चर बुजविण्याचा द्रव आणि हवेचा छोटा पंप एवढ्यावर भागवावयाचे.

आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या, आणि त्या परक्या माणसाच्या फार अंगाशी येतात. उभ्या मोटारीला आपली गाडी घासली, तर काचेवर नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवून निघून जाणे आपल्याला सचोटीचे वाटते. तिकडे ते पुरत नाही. मालकाची वाजवी वेळ वाट पाहावयाची आणि तो न आल्यास पोलिसांना कळवावयाचे. नाहीतर तो पळून गेल्याचा गुन्हा होतो. दुसरी गोष्ट महामार्गावरची. वाहतूक तुंबू लागली की सर्वांत डाव्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये गल्ली मोकळी ठेवावयाची. अपघात दिसण्यापूर्वी, रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येण्यापूर्वी. तसे न करणाऱ्यास किमान २०० युरो दंड आहे. पण आम्ही पाहिले त्या संध्याकाळी दंडाची कोणाला आठवण असेल असे वाटत नाही. पाऊस पडत होता, मैलभर मोटारी उभ्या होत्या, पुढे काय झाले ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि अंधारात दोन्ही बाजूंना सरकत सरकत ती गल्ली उघडत गेली. काही मिनिटांनी तीतून रुग्णवाहिका वेगाने निघून गेली.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले. ज्यांची मुले या वर्षी जर्मनीला निघाली आहेत त्यांच्यासाठी एवढेच सांगतो: परवान्याचे ते सहा महिने तिकडे वास्तव्य सुरू झाल्या दिवसापासून मोजतात, मोटार घेतल्या दिवसापासून नव्हे. परीक्षेची तारीख मिळेपर्यंत त्यातले बरेच दिवस सरतात. तेव्हा कपडे लावून झाले, की दुसऱ्याच आठवड्यात प्रथमोपचाराच्या वर्गाला नाव घालावे.